राखणदाराची भाषा

पावसाळा सरला, ज्वारी-बाजरीची कणसे खळ्यावर आली आणि कपाशीची वेचणी आटोपत आली, की धुळे जिल्ह्याच्या शिवारांत मेंढरांचे कळप दिसू लागतात. साक्री, शिंदखेडे, धुळे या भागांतील ठेलारी आणि धनगर मेंढपाळ आपले बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर लादून गावोगाव फिरत असतात. रिकाम्या झालेल्या शेतात शेतकरी त्यांना मुद्दाम बोलावून घेतात. मेंढ्या रात्रभर शेतात बसल्या, की त्यांच्या लेंड्यांचे उत्तम खत जमिनीला मिळते आणि त्याच्या मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. दिवस मावळला, की मेंढ्या एका जागी गोळा केल्या जातात, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजली जाते आणि थंडी वाढू लागली, की घोंगडी पांघरून माणसे निजतात.

माणसे निजतात, पण तळ निजत नाही. कळपाच्या चारी अंगांना दोन-चार कुत्री अंगाचे वेटोळे करून पडलेली असतात. त्यांचे डोळे मिटलेले दिसले, तरी कान जागे असतात. दूरवर वाळलेले पान खुडकले, की एक कुत्रा मान वर करतो. वाऱ्याबरोबर अनोळखी वास आला, की तो उठून उभा राहतो. मग त्याचा पहिला भुंकार उठतो, त्याला दुसऱ्या बाजूने जोड मिळते आणि क्षणात सारा तळ जागा होतो. माळरानावरचा लांडगा अशा वेळी पुढे येत नाही. जेथे चोरून शिकार साधत नाही, तेथे जीव धोक्यात घालण्याचे त्याला कारण नसते. तो आल्या वाटेने परत जातो. मेंढी वाचते, आणि मुलांनो, लांडगाही वाचतो. कारण ज्याची मेंढी गेली, तो माणूस संतापून लांडग्याच्या जिवावर उठतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला संरक्षण दिलेले आहे. ते संरक्षण माळावर प्रत्यक्षात आणण्याचे काम एक मुका राखणदार दररोज रात्री करीत असतो.

या राखणदाराला कोणी शिकविले? त्याच्यासाठी शाळा नव्हती आणि मेंढपाळाने कोणते पुस्तकही वाचले नव्हते. त्याने एवढेच केले, की पिलू अगदी लहान असतानाच त्याला मेंढ्यांच्या संगतीत वाढू दिले. ते कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपले. मेंढीच्या लोकरीचा वास त्याला घराच्या वासासारखा ओळखीचा झाला. खेळण्याच्या भरात ते कोकराच्या मागे धावले, तर मेंढपाळाने त्याला तेथल्या तेथे थांबविले. कुत्र्याच्या पिलाचे डोळे जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या आयुष्यात फार मोलाचा असतो. या काळात जे प्राणी, जी माणसे, जे आवाज त्याच्या परिचयाचे होतात, त्यांना ते पुढे आपले मानते. ज्यांचा परिचय या काळात होत नाही, त्यांची भीती त्याच्या मनात घर करून बसते. शास्त्रज्ञांनी ही गोष्ट विसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध केली; मेंढपाळ मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने जाणून होते.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. स्कॉटलंडच्या डोंगरात ‘बॉर्डर कोली’ जातीचे कुत्रे मेंढ्या हाकते. धन्याची शीळ ऐकून ते कळपाला डावीकडे, उजवीकडे वळविते. आपल्या माळावरचे कुत्रे मेंढ्या हाकीत नाही; हाकण्याचे काम मेंढपाळाची आरोळी आणि काठी करते. आपले कुत्रे राखण करते. हिमालयातील गद्दी मेंढपाळांची दांडगी, केसाळ कुत्रीही राखणच करतात, आणि बिबट्याने मानेला धरू नये, म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घातलेला असतो. हाकणारा आणि राखणारा अशी ही दोन निराळी कामे आहेत आणि त्यांचे शिक्षणही निराळे आहे. एकाला मेंढीच्या मागे धावण्याची ओढ असावी लागते, तर दुसऱ्याला तशी ओढ असून मुळीच चालत नाही.

आता मौज पाहा. जो लांडग्यापासून कळप राखतो, तो कुत्रा स्वतः लांडग्याच्याच कुळातला आहे. आजचा लांडगा आणि आजचा कुत्रा हे एकाच प्राचीन लांडग्याचे वंशज होत. निदान चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी, माणूस शेती करू लागण्याच्याही आधी, हा प्राणी त्याच्या शेकोटीजवळ आला. गाय, मेंढी, घोडा हे सारे त्याच्यानंतर आले. आपण माणसाळविलेला पहिला प्राणी कुत्रा, आणि म्हणूनच त्याच्या इतके आपल्याकडे निरखून पाहणारा दुसरा प्राणी नाही. आपण बोट दाखविले, की तो त्या दिशेला पाहतो. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. ज्यांना कोणी कधी काही शिकविलेले नाही, अशी कुत्रीही माणसाने बोटाने दाखविलेल्या भांड्याकडे जातात, असे त्यांना २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. आपल्या परंपरेतही कुत्रा माणसाच्या जवळच आहे. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो, दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री असतात आणि महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराच्या बरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत चालत जातो, तोही कुत्राच.

तो आपल्याकडे इतके निरखून पाहतो. आपण मात्र त्याच्याकडे तसे पाहतो का? बहुधा नाही. म्हणून तर दंश होतात, आणि दंश झाल्यावर आपण कुत्र्याला ‘अचानक चावला’ असे म्हणतो. कुत्रा अचानक चावल्याचे प्रसंग फार थोडे. चावण्यापूर्वी तो पुष्कळ काही सांगत असतो. पण ते सांगणे शब्दांत नसते.

त्याची भाषा समजण्यासाठी प्रथम त्याचे जग समजले पाहिजे. आपले जग मुख्यतः डोळ्यांचे आहे, त्याचे जग नाकाचे आहे. गंध टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात सुमारे पन्नास-साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. आपण रस्ता पाहतो. तो रस्ता हुंगतो आणि येथून कोण गेले, केव्हा गेले, ते जाणतो. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा. म्हणूनच दिवाळीतल्या फटाक्यांनी तो आपल्यापेक्षा कितीतरी अधिक हैराण होतो. रंगांच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. त्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो; तांबडा आणि हिरवा यांतील फरक त्याला नीट कळत नाही. हिरव्या गवतात पडलेला लाल चेंडू तो डोळ्यांनी नव्हे, तर नाकाने शोधून काढतो.

आता त्याच्या देहाची भाषा पाहू. शेपूट हलविणे म्हणजे आनंद, असे आपण समजतो. हे अर्धेच खरे आहे. शेपूट सैल असेल, मधल्या उंचीवर असेल आणि तिच्याबरोबर सारे अंग झुलत असेल, तर तो आनंद होय. शेपूट ताठ उभी असेल आणि फक्त तिचे टोक भराभर थरथरत असेल, तर तो इशारा होय. शेपूट दोन पायांमध्ये गेली, तर ती भीती. कान मागे दबले, अंग खाली झुकले, तोंड दुसरीकडे वळले, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसू लागला, तर तो म्हणत असतो, “मला भीती वाटते, मला जरा मोकळे सोडा.” झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर अन्न नसताना जिभेने पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, हीदेखील मनाच्या अस्वस्थतेची चिन्हे आहेत. मानेवरचे आणि पाठीवरचे केस उभे राहिले, अंग दगडासारखे स्थिर झाले आणि नजर एकाच ठिकाणी खिळली, तर सावध व्हावे.

शेवटी येते गुरगुरणे. पुष्कळ घरांत कुत्रा गुरगुरला, की त्याला मारतात. हे मोठे अज्ञान आहे. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली नोटीस आहे. ज्याला गुरगुरण्याबद्दल वारंवार शिक्षा होते, तो गुरगुरायचे सोडतो, पण त्याची भीती काही जात नाही. मग तो नोटीस न देताच चावतो आणि लोक त्यालाच लबाड म्हणतात. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती पोकळ धमक्या देणाऱ्या माणसांविषयी खरी असेल. कुत्र्यांविषयी ती मुळीच खरी नाही. भुंकणारा कुत्रा चावू शकतो. त्याच्या भुंकण्याचा अर्थ एवढाच, की तो अजून बोलतो आहे, आणि बोलणाऱ्याचे ऐकावे, हा शहाणपणा आहे.

यावरून काही नियम सहज निघतात. कुत्रा खात असता, झोपलेला असता किंवा पिलांना पाजत असता त्याच्या जवळ जाऊ नये. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, म्हणून भ्यायला की तो चावतो; त्याच्यापासून दूर राहावे. अनोळखी कुत्र्याला धन्याच्या परवानगीवाचून हात लावू नये. परवानगी मिळाल्यावरही त्याच्या डोक्यावर वरून हात आणू नये. हात खाली ठेवावा, त्याला हुंगू द्यावे आणि तो आपणहून जवळ आला, तरच मानेच्या बाजूला कुरवाळावे. कुत्रा अंगावर धावून आला, तर धावू नये. पळणाऱ्याच्या मागे धावणे ही त्याच्या रक्तातली ओढ आहे. झाडासारखे स्तब्ध उभे राहावे, हात अंगाशी घ्यावेत, त्याच्या डोळ्यांत डोळे घालू नयेत, आणि तो शांत झाला, की पाठ न फिरविता हळूहळू मागे सरावे. खाली पडलात, तर अंगाचे मुटकुळे करून मान आणि कान हातांनी झाकावेत.

इतके करूनही दंश झाला, तर पुढची गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण येथे प्राणांचा प्रश्न आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून रेबीज हा रोग होतो. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी सहसा वाचत नाही. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी उपाय केला, तर रोग हमखास टाळता येतो. म्हणून दंश लहान असो की मोठा, नुसता ओरखडा असो, प्रथम ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, मिरचीची पूड, तेल, हळद असे काहीही लावू नये. लगेच दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील तितक्या साऱ्या सुया ठरल्या दिवशी घ्याव्यात. घरी रागावतील, या भीतीने काही मुले दंश झाल्याचे लपवून ठेवतात. मुलांनो, असे कधीही करू नका. रागावणे एका दिवसाचे असते, पण लपविण्याने जीव जातो. १८८५ च्या जुलै महिन्यात पॅरिस येथे लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला या रोगावरची लस प्रथम दिली. तो मुलगा वाचला, कारण त्याच्या आईने वेळ न दवडता त्याला पाश्चरकडे आणले होते. आज त्या लसीसाठी पॅरिसला जावे लागत नाही. ती सरकारी दवाखान्यात मिळते.

आता शिक्षणाकडे वळू. ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले, तरी वाकडे ते वाकडेच’ असे आपण म्हणतो. शेपूट वाकडे राहील, राहो. पण वागणूक मात्र खात्रीने वळविता येते. ती कशी वळते, याचे एक सूत्र रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगांतून जगाला कळले. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. अन्न दिसले, की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, ही साधी गोष्ट आहे. पावलॉव्ह यांनी अन्न देण्यापूर्वी दर वेळी एक ठरावीक आवाज केला. काही दिवसांनी अन्न नसतानाही नुसत्या त्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. याचा अर्थ असा, की लागोपाठ घडणाऱ्या दोन गोष्टी कुत्रा मनात एकमेकींशी जोडतो. सारे शिक्षण या जोडण्यावर उभे आहे, आणि ती जोड पक्की होण्यासाठी दोन गोष्टींमध्ये वेळ जाता कामा नये.

समजा, पिलाला ‘बस’ हा शब्द शिकवायचा आहे. भाकरीचा लहानसा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरावा आणि हळूच त्याच्या डोक्यावरून मागे न्यावा. तुकड्यामागे नाक वर जाते, आणि नाक वर गेले, की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. तो टेकला, त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. दहा-वीस वेळा असे झाले, की तुकडा मागे नेण्याच्या किंचित आधी ‘बस’ म्हणावे. थोड्या दिवसांत हाताची गरज उरत नाही, नुसता शब्द पुरतो. पुढे तुकडा कधी द्यावा, कधी नुसते कुरवाळावे. एका वेळी पाच मिनिटांहून अधिक शिकवू नये, कारण पिलाचे लक्ष लवकर उडते. आणि घरातल्या साऱ्यांनी एकच शब्द वापरावा. आई ‘बस’ म्हणते, आजोबा ‘खाली’ म्हणतात आणि धाकटा भाऊ ‘ए, बस ना रे’ म्हणतो, असे झाले, तर चूक कुत्र्याची नसते.

शिक्षा का करू नये, हेही समजून घ्या. दुपारी कुत्र्याने चप्पल फाडली आणि धन्याने ती संध्याकाळी पाहून त्याला मारले. कुत्र्याच्या मनात जोड कशाची झाली? चपलेची नव्हे, चप्पल तो केव्हाच विसरला. जोड झाली ती धन्याच्या घरी येण्याची आणि माराची. दुसऱ्या दिवशी धनी दारात दिसताच तो कान पाडून कोपऱ्यात जातो आणि धनी म्हणतो, “पाहा, याला आपला अपराध कळतो!” अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये या अपराधी चेहऱ्याचीच परीक्षा पाहिली. काहीही न केलेल्या कुत्र्यांनाही धन्याने रागे भरले, की त्यांचा चेहरा तसाच ‘अपराधी’ होत असे. तो अपराधाचा चेहरा नव्हता, तो भीतीचा चेहरा होता. याच कारणाने, हाक मारून जवळ बोलावलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये. एकदा मारले, की ‘ये’ या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो.

प्रेमाने आणि धीराने शिकविलेला कुत्रा केवढे काम करतो, याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातच आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक बाँबस्फोट झाले. शहरात आणखी कोठे कोठे स्फोटके दडविलेली आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकातील ‘झंझीर’ नावाचा सोनेरी लॅब्राडोर कुत्रा कामाला लागला. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो शिकला होता आणि त्या वेळी जेमतेम वर्षाचा होता. त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबाँब आणि ६,४०६ काडतुसे शोधून दिली, असे नोंदलेले आहे. त्यामुळे किती माणसांचे प्राण वाचले असतील, याची मोजदाद कशी करणार! १६ नोव्हेंबर २००० रोजी झंझीर आजाराने वारला, तेव्हा पोलीस दलाने त्याला सन्मानाने अखेरचा निरोप दिला.

झंझीरसारखा कुत्रा देशभक्तीने स्फोटके शोधतो काय? नाही. तो खेळ म्हणून शोधतो. प्रथम त्याला एका खेळण्याची गोडी लावतात. मग त्या खेळण्याबरोबर स्फोटकाचा गंध जोडतात. तो गंध सापडला, की खेळणे मिळते, एवढे त्याला कळले, की तो शेकडो वासांतून तेवढाच एक वास हुडकून काढतो. परंतु सापडल्यावर त्याने उकरायचे नसते, भुंकायचेही नसते. तो जागच्या जागी शांत बसतो, कारण स्फोटकाला धक्का लागणे म्हणजे मृत्यू. त्याचे हे बसणे पाहून त्याचा हस्तक, म्हणजे त्याला सांभाळणारा पोलीस, काय ते समजतो. धुळ्यासह राज्यातील जिल्ह्यांच्या पोलीस दलांत अशी श्वानपथके असतात. कुत्रा आणि हस्तक यांची जोडी वर्षानुवर्षे एकत्र असते. कुत्र्याला माणसाची भाषा जितकी यावी लागते, तितकीच माणसाला कुत्र्याची यावी लागते. एकाला येऊन भागत नाही.

आणखी एक काम याहूनही नवलाचे आहे. पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. वाटाड्या कुत्रा अंध धन्याला रस्त्याने नेतो, पायरीपाशी थांबतो, खड्डा चुकवितो. त्याला सगळ्या आज्ञा शिकवून झाल्या, की शेवटी एक अवघड धडा देतात, आणि तो म्हणजे आज्ञा मोडण्याचा. धनी म्हणतो, “चल.” पण समोरून मोटार भरधाव येत आहे. धन्याला ती दिसत नाही, कुत्र्याला दिसते. अशा वेळी कुत्र्याने पाऊल उचलायचे नाही. धन्याने पुन्हा सांगितले, तरी नाही. आज्ञा का पाळायची, हे ज्याला कळले, त्यालाच ती केव्हा पाळू नये, हे कळू शकते. भीतीने शिकविलेला कुत्रा हा धडा कधीच शिकत नाही. तो माराला भिऊन पाऊल पुढे टाकील आणि दोघांचाही घात होईल.

ज्याने एवढा विश्वास टाकला, त्याचे देणे आपण द्यायला नको का? खानदेशातला उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. धुळ्या-जळगावाकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. म्हणून त्याला सावली आणि भरपूर पाणी हवे. भर दुपारी त्याला डांबरी रस्त्यावर नेऊ नये. आपले तळवे ज्या रस्त्यावर क्षणभर टेकवत नाहीत, त्यावर त्याचेही टेकवत नाहीत. शेवभाजीचा झणझणीत रस्सा आपल्याला आवडतो, त्याला तो सोसत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ तर त्याला विषासारखे आहेत. पिलू तीन महिन्यांचे झाले, की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती देत राहावी. त्या सुईने कुत्रा तर राखला जातोच, पण घर आणि गल्लीही राखली जाते. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. आपण पाचवीत असताना आणलेले पिलू, आपले शिक्षण पुरे होईपर्यंत आपल्या दाराशी असते. तेवढा काळ त्याला सांभाळण्याची तयारी नसेल, तर हौसेपोटी पिलू आणू नये. हौस फिटल्यावर रस्त्यावर सोडलेले पिलू उपाशी राहते, भीत राहते आणि त्या भीतीतूनच एखाद्या दिवशी चावते. मग दोष मात्र त्याच्या माथी येतो.

कुत्र्याला शिकविणाऱ्याला स्वतःलाही पुष्कळ शिकावे लागते. एकच शब्द वापरायचा, तो वेळेवर वापरायचा, चांगले केले त्या क्षणी चांगले म्हणायचे, राग आला असता हात आवरायचा, आणि समोरचा काय सांगतो आहे, ते बोलण्याआधी पाहायचे. यांतली एकही गोष्ट फक्त कुत्र्यांपुरती नाही. उद्या शाळेत येताना वाटेत एखादे कुत्रे दिसले, तर दगड उचलू नका आणि धावूही नका. दूर उभे राहून त्याची शेपूट पाहा, कान पाहा, डोळे पाहा. ते काहीतरी सांगत असेल.

शब्दार्थ

शिवार – गावाच्या हद्दीतील शेतजमीन. बिऱ्हाड – संसाराचे सामान. मोबदला – बदल्यात मिळणारी वस्तू किंवा पैसा. तळ – मुक्कामाची जागा. माळरान – झाडे कमी असलेली उघडी, गवताळ जमीन. माणसाळविणे – रानटी प्राण्याला माणसाची सवय लावणे. नोटीस – आगाऊ दिलेली सूचना. मुटकुळे – हातपाय पोटाशी घेऊन केलेले अंगाचे वेटोळे. हस्तक – येथे, पोलीस कुत्र्याला सांभाळणारा व त्याच्याकडून काम करवून घेणारा.

स्वाध्याय

१. मेंढ्या शेतात बसविल्याने शेतकऱ्याचा कोणता फायदा होतो?
२. ‘मेंढी वाचते आणि लांडगाही वाचतो’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. हाकणारा कुत्रा आणि राखणारा कुत्रा यांच्या कामांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
४. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा केल्यास काय होते? कारण देऊन सांगा.
५. तुमचा चेंडू पिलांना पाजणाऱ्या कुत्रीजवळ जाऊन पडला आहे. तुम्ही काय कराल?
६. कुत्रा चावल्यास कोणत्या गोष्टी कराव्यात आणि कोणत्या करू नयेत, यांचे दोन तक्ते तयार करून वर्गात लावा.
७. वाटाड्या कुत्रा आज्ञा केव्हा मोडतो? तरीही तो आज्ञाधारक कसा, ते तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
८. या पाठात आलेल्या दोन म्हणी शोधा. त्यांविषयी लेखकाचे मत काय आहे? ते तुम्हांला पटते का?
९. तुमच्या गल्लीतील एका कुत्र्याचे आठवडाभर दुरून निरीक्षण करा. त्याची शेपूट, कान व आवाज केव्हा कसे बदलतात, ते वहीत दररोज टिपून ठेवा.